लेकराच्या पाळीव जनावराचे पैसे उबवण पेटीतून निघतात का?

थर्माकोलची पेटी, आत छोटा पंखा, तापमान दाखवणारा लाल आकडा, झाकणाला काच. पन्नासेक अंड्यांची ही उबवण पेटी ऑनलाइन किंवा तालुक्याच्या ठिकाणी कोंबडीखाद्याच्या दुकानात साधारण तीन ते सहा हजारांत मिळते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरल्यावर मिळालेले पैसे, म्हणजे बोजारा, आणि पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या नोटा जमवून ही पेटी घ्यायची, पिल्लं विकायची आणि त्यातून बकरीची पाठ (मादी करडू) नाहीतर कुत्र्याचं पिल्लू आणायचं, असा बेत अनेक घरांत लेकरं मांडतात. हे परीक्षण त्याच बेताच्या अंगानं आहे. विदर्भातल्या खेड्यात, शाळा सांभाळून, दहा ते चौदा वर्षांच्या लेकराला यातून पैसे सुटतात का?

पेटी काम चांगलं करते. पण पैसा अंडी उबवण्यात नाही, पिल्लं निघाल्यावर त्यांना महिनाभर जगवण्यात आहे. हे न सांगता विकलेली पेटी पहिल्या दोन खेपांनंतर माळ्यावर जाते. आणि ज्या घरात कोंबड्या आहेत, तिथं पहिली खेप खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीखालीच काढावी, पेटी नंतर.

आधी पेटी. स्वस्त पेटीत साधा तापमान नियंत्रक असतो, बहुतेक वेळा डब्ल्यू-१२०९ नावाची उघडी पाटी. तो फक्त तापमान सांभाळतो. थोड्या महाग पेटीत एक्सएम-१८ असतो. तो तापमान आणि हवेतली ओल दोन्ही दाखवतो, अंडी फिरवणारी मोटर ठरल्या वेळेला चालवतो. लेकरासाठी घ्यायची तर दुसरीच घ्या, कारण शाळेच्या वेळेत अंडी फिरवायला घरी कोणी असेलच असं नाही. उष्णतेसाठी बल्ब असेल तर निदान दोन हवेत. एकच असला आणि रात्री उडाला, तर सकाळपर्यंत खेप थंड झालेली असते. दुकानात पंखा चालवून पाहूनच पेटी घ्या. पंखा कुरकुरत असेल, तर त्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर किंवा बेअरिंग आधीच दमलेलं आहे असं समजा.

या पेट्यांचा सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे रिले चिकटणं. नियंत्रकातला छोटा रिले, म्हणजे बल्बची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, दिवसातून शेकडो वेळा चालू-बंद होतो. त्याचे संपर्क जळून एकमेकांना चिकटले की बल्ब बंदच होत नाही. लाल आकडा ३९, ४०, ४१ असा चढत जातो आणि आतली पिल्लं अंड्यातच शिजतात. उपाय स्वस्त आहे. वायरमनकडून बल्बच्या वायरीत दुसरा थर्मोस्टॅट ओळीत बसवून घ्या आणि तो ३८.५ अंशांवर लावा. पहिला चिकटला तरी दुसरा तोडतो. पेटीत पाणी, वायर आणि पेट घेणारा थर्माकोल अशा तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, म्हणून वायरीचं कोणतंही काम लेकरानं करायचं नाही. पाणी भरतानासुद्धा प्लग काढलेला हवा.

पेटीवरच्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. ताप मोजायचा घरातला थर्मामीटर आत अंड्यांच्या उंचीवर दहा मिनिटं ठेवा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. फरक असला तर नियंत्रकात लावलेलं तापमान तेवढं वर-खाली करा. ओल मोजणारा स्वस्त काटा तर पाच-दहा टक्के सहज चुकतो. तो तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं ओलं करा, काट्यासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी काट्यानं ७५ टक्के दाखवायला हवेत. ६८ दाखवले तर पुढं प्रत्येक वेळी सात मिळवून वाचायचं. हे काम लेकराकडूनच करून घ्या, त्याला ते आवडतंही. अंडी घालण्याआधी पेटी रिकामीच एक दिवस-रात्र चालवा. पहाटे आणि भरदुपारी, दोन्ही वेळा आकडा अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलला नाही, तरच अंडी ठेवा.

पंख्याच्या पेटीत तापमान ३७.५ ते ३७.७ अंश हवं. ओल पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आकडे सगळीकडे हेच, पण आपल्याकडे ते गाठायची रीत ऋतूप्रमाणे बदलते, आणि पेटीसोबतच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं. श्रावण-भादव्यात बाहेरची हवाच इतकी ओली असते की पेटीतल्या पाण्याच्या पन्हाळीत पाणी न घालताही पेटीत ४५-५० टक्के ओल राहते. तेव्हा कागद वाचून दोन्ही पन्हाळी भरल्या, तर अंड्यातलं पाणी आटत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू पूर्ण वाढूनही कवचाखाली गुदमरतं. डिसेंबरात नेमकं उलट. बाहेर थंड कोरडी हवा, ती पेटीत तापली की ओल पंधरा-वीस टक्क्यांवर येते. मग दोन्ही पन्हाळी, शिवाय पाण्यात उभा स्पंजचा तुकडा. पाणी खोल किती यावर ओल ठरत नाही, पाण्याचा उघडा पसारा किती यावर ठरते. आणि भरायचं ते कोमट पाणी.

मे महिन्यात पेटी बंद ठेवा. पेटी तापवू शकते, गार करू शकत नाही. अकोला, चंद्रपूर, वर्धा या पट्ट्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाखालच्या खोलीत चाळीसच्या वर असतं, पेटी पूर्ण बंद असली तरी अंडी तापतात. मातीच्या भिंती आणि कवेलू असलेल्या खोलीत काही दिवस निभतं, पण पैशाच्या भरवशावर हा जुगार लेकराला खेळू देऊ नये. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. बोजाऱ्याचे पैसेही नेमके त्याच्या आधीच हातात आलेले असतात.

विजेचा प्रश्न पेटी घ्यायच्या आधी सोडवा. घर गावठाणात असेल तर जमतं. शेतातल्या घराला शेतीच्या फीडरवरून वीज असेल, तर ती दिवसातले आठ-दहा तासच येते आणि पेटी घेण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज उतरतं, तेही ध्यानात ठेवा. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले की बल्बची उष्णता जवळजवळ निम्मी होते. चाळीस वॅटचे दोन बल्ब असलेली पेटी अशा थंड रात्री तापमान धरत नाही. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही, पेटीवर गोधडी टाकायची, पण हवेची भोकं मोकळी ठेवायची. शेवटच्या आठवड्यात आतली पिल्लं बरीच हवा घेतात. दोन तासांपर्यंत फारसं बिघडत नाही. १२ व्होल्टवर चालणारी पेटी असेल, तर फवारणीच्या बॅटरी पंपातली ८ अँपिअर-अवरची बॅटरी चाळीस वॅटचा भार दोनेक तास ओढते. ती पंपातून मोठ्यांनी काढायची, पुसायची, हात साबणानं धुवायचे, मगच पेटीजवळ आणायची. औषधाचा पंप लेकराच्या हाती द्यायचा नाही.

अंड्यांबाबत सगळ्यात महाग चूक म्हणजे दुकानातली अंडी ठेवणं. पांढरी असोत की तपकिरी रंगाची ‘गावरान’, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो, त्या अंड्यांतून काहीच निघत नाही. अंडी अशा घरून घ्या जिथं आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा मोकळा फिरतो. आठवड्यापेक्षा जुनी नकोत. धुवायची नाहीत, फार मळलेलं असेल तर बाजूला ठेवायचं. गोळा होईपर्यंत जाड टोक वर करून, ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात ठेवली तर ती गार राहतात. खोली चोविसाच्या वर गेली की अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि मग ती मरते. मोटारसायकलवरून आणलेली अंडी निदान बारा तास स्थिर ठेवल्याशिवाय पेटीत घालू नका.

पेटीत अंडी आपोआप फिरत नसतील, तर पेन्सिलनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन वेळा पालटा: शाळेआधी, शाळेनंतर, झोपताना. फेऱ्या विषम हव्यात, म्हणजे रात्रीची लांब वेळ अंडं एक रात्र एका कुशीवर, दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुशीवर राहतं. सातव्या रात्री खोलीत अंधार करून पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंडं त्यावर धरा. जिवंत अंड्यात मधोमध गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात, ठिपका किंचित हलतोही. नुसतं पिवळसर पारदर्शक दिसलं तर ते वांझ. तांबडी गोल रेघ दिसली तर आतला जीव मेला. ही दोन्ही काढून टाका, नाहीतर आत सडून फुटतात आणि सगळी पेटी बाटते. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहा.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा, अंडी आडवी ठेवा, पाणी वाढवा आणि झाकण लावा. इथून लेकराची खरी परीक्षा. चोच बाहेर आल्यापासून पिल्लू पूर्ण निघायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, आणि या वेळात झाकण उघडलं की ओल एकदम उतरते, आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. ते मग मदतीशिवाय निघत नाही आणि मदत केली तर बहुधा रक्त येतं. काचेतून पाहायचं, बस. निघालेलं पिल्लू पिसं सुकेपर्यंत दिवसभर आत राहिलं तरी उपाशी मरत नाही, पोटातला बलक त्याला दोन दिवस पुरतो.

पन्नास अंड्यांतून तीस-पस्तीस पिल्लं निघाली तर काम चांगलं झालं. पन्नासच्या पन्नास सांगणाऱ्या विक्रेत्याकडून पेटी घेऊ नका.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लामागे दोन वॅट हा हिशोब धरून तीस पिल्लांना साठ वॅटचा पिवळा बल्ब, जमिनीपासून फूटभर उंच. एलईडी बल्ब लावून चालत नाही, तो उजेड देतो, ऊब नाही. पिवळा बल्ब हल्ली शोधावा लागतो, म्हणून अंडी ठेवतानाच दोन आणून ठेवा. आकड्यापेक्षा पिल्लंच नीट सांगतात: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी, भिंतीला लागून चोच उघडी टाकली तर ऊन जास्त, सगळीकडे विखुरलेली असतील तर बरोबर. खाली धानाचं तूस दोन इंच. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलवर ते सहज मिळतं. वऱ्हाडात सोयाबीनचं कोरडं कुटार बारीक करून चालतं, फक्त बुरशी नको. पहिले दोन दिवस नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद अंथरला तर पिल्लांचे पाय फाकतात. त्यावर पोत्याचा तुकडा टाका. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ, नंतर मक्याची बारीक भरड, कणी आणि पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या कणीवर पिल्लू जगतं, पण वाढत नाही, आणि महिन्यानं वजन पाहून गिऱ्हाईक भाव पाडतं.

मानमोडी म्हणजे राणीखेतनं एका रात्रीत खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या साथीच्या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा लासोटा. अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार घरांच्या पिल्लांसोबत एकाच दिवशी लस द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती बर्फासह थर्मासमध्येच आणा. खिशात घालून आणलेल्या लसीचा काही उपयोग नाही. पिल्लांना हात लावल्यावर साबण, हा नियम लेकराला पहिल्या दिवसापासून.

आता पैसे. भाव गावोगाव बदलतात, तेव्हा आपले आकडे घालून पाहा. समजा पन्नास अंडी बारा रुपयांनी विकत घेतली: ६००. शंभर वॅटचा हीटर निम्मा वेळ चालला तर एकवीस दिवसांत सुमारे २५ युनिट, आठ रुपयांनी २००. बत्तीस पिल्लं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी तीस रुपयांनी विकली तर ९६० आले. हातात उरले १६०. तीन आठवड्यांच्या राखणीचे एवढेच. तीच पिल्लं महिनाभर वाढवली, तर बल्बची वीज सुमारे १७५, चौदा किलो खाद्याचे ६३०, लस-औषध १२५. एकूण खर्च १,७३०. अठ्ठावीस जगली आणि आठवडी बाजारात शंभराला एक गेली, तर २,८०० आले, १,०७० उरले. साडेचार हजारांची पेटी असेल तर चारपेक्षा थोड्या जास्त खेपा तिचीच किंमत फेडण्यात जातात. शाळेच्या लेकराला एका हंगामात तीन खेपा झेपतात. म्हणजे पहिलं वर्ष पेटीचं, पाठ दुसऱ्या वर्षी. अंडी घरची असली तर गणित बरंच सुधारतं, तरी घरच्या अंड्यालाही बाजारात किंमत असते, ती फुकट धरू नका.

आता खुडूक कोंबडीचा हिशोब. टोपल्यात कुटार, तळाशी राख आणि कडुनिंबाचा पाला म्हणजे पिसवा होत नाहीत. दहा-बारा अंडी, अंधारा कोपरा, मांजर-मुंगसापासून आडोसा. ती स्वतः फिरवते, ओल सांभाळते, निघालेल्या पिल्लांना पोटाखाली घेते, वीज लागत नाही. महिन्याची झालेली सात-आठ पिल्लं हाती लागली तर अंडी आणि खाद्य वजा जाता चारेकशे रुपये सुटतात. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या तर आठशे, आणि भांडवल जवळजवळ शून्य. लेकराला रोजचं काम एवढंच, की कोंबडीला दिवसातून एकदा उठवून दाणापाणी करायचं आणि ती पंधरा-वीस मिनिटांत परत बसली का हे पाहायचं. या कामात टिकलेल्या लेकराला पेटी द्यायला हरकत नाही. तीही एकट्यानं नको, तीन-चार घरांनी मिळून घ्यावी. जिथं कोणी अंड्यामागे पैसे घेऊन उबवून देतं, तिथं तर पेटी घेऊच नका, पिल्लं वाढवण्यावर लक्ष द्या.

एक गोष्ट पैशाची नाही, पण आधी बोलून ठेवावी लागते. महिनाभर हातावर खेळलेलं पिल्लू बाजारात देताना लेकरू रडतं. कोणतं विकायचं आणि कोणतं घरी राहील हे पिल्लं निघाली त्याच दिवशी ठरवा, आणि शब्द पाळा.

कोंबड्या नसलेल्या घरात रोपं हा चांगला मार्ग आहे. ९८ कप्प्यांचा ट्रे, कोकोपीट, कप्प्यात एक बी. झेंडू तीन-साडेतीन आठवड्यांत लावणीला येतो, मिरचीला पाच-सहा आठवडे लागतात. रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्यानं, बुडाशी कुजून. कापूस वेचायला मात्र लेकराला मजुरीनं दुसऱ्याच्या वावरात पाठवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावणं १९८६ च्या बालकामगार कायद्यानं गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं सूट आहे ती घरच्या, धोका नसलेल्या कामात शाळा सुटल्यावर हात लावण्यापुरती. आणि पऱ्हाटीवर फवारलेलं औषध काय करू शकतं, ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यानं फवारणीच्या विषबाधेत भोगलं आहे.

कमावलेले पैसे डब्यात ठेवले तर ते किराण्यात जातात. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडता येतं, पाचशे रुपयांपासून. दर बाजारानंतर तिथं भरणा करायचा.

किती जमवायचे हे जनावरावर ठरतं. गावठी कुत्र्याचं पिल्लू फुकट मिळतं, पैसे लागतात ते जंतनाशकाला, सहा-आठ आठवड्यांच्या लशींना आणि तीन महिन्यांनंतरच्या रेबीजच्या लशीला, जी पुढं दरवर्षी द्यायची असते. ससे गोड दिसतात, पण पस्तीसच्या वर तापमान गेलं की ते धापा टाकतात आणि आपल्या उन्हाळ्यात मरतात. कूलरची सोय नसेल तर घेऊ नका. पोपट अजिबात नाही: आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, बाजारात कोणी कितीही स्वस्त देवो. पाठ घ्यायची तर बेरारी घ्या, ही आपल्याच हवेतली जात आहे. एकटी पाठ दिवसभर ओरडते आणि चारा टाकते, घरात दुसरी बकरी नसेल तर शेजारच्या कळपासोबत तिला चरायला सोडायची बोलणी आधी करा. आणताना चार महिन्यांची तरी हवी. पीपीआर या बकऱ्यांच्या साथीच्या रोगाची लस झाली का ते विचारा, झाली नसेल तर दवाखान्यात द्या आणि तीन आठवडे तिला दुसऱ्या बकऱ्यांपासून वेगळं बांधा.